वाणात गेलेला सवाल

मांडवाच्या तोंडाशी टेबल टाकून प्रयागबाई बसली होती. पुढ्यात पेनड्राईव्हचा ढीग होता आणि गिऱ्हाईक एकही नव्हतं. प्रत्येक पेनड्राईव्ह एका लहानशा खोक्यात, आणि खोक्यावर तिच्या नवऱ्याचा, म्हणजे उमरठच्या हैबती शाहिरांचा, फेटा बांधलेला फोटो. फोटोत शाहिरांनी हात असा वर केला होता की गाणं म्हणतायत की एसटी थांबवतायत, ते कळत नव्हतं.

महाडात माघी गणपतीचा उत्सव होता आणि त्या दुपारी शक्ती-तुऱ्याचा सामना. शक्तीवाले हैबती, तुरेवाले पाचाडकडचे चांगू शाहीर. आधी गण, मग गवळण, मग सवाल-जवाब. एकानं गाण्यातून सवाल घालायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच उत्तर द्यायचं. नाही आलं, तर हार कबूल करायची आणि ज्यानं सवाल घातला त्यानं स्वतःच उत्तर गाऊन दाखवायचं. म्हणजे सवाल बनावट नव्हता हे लोकांना पटतं. हा नेम सगळे पाळतात. हैबती तर इतकी वर्षं पाळत आला होता की तो त्याच्या जिभेलाच लागला होता.

गेल्या साली चांगूनं घातलेल्या सवालाला हैबतीला उत्तर आलं नव्हतं. तेव्हापासून पोलादपूरच्या बाजारात भाजी घ्यायला गेलं तरी लोक विचारायचे, "शाहीर, सापडलं काय उत्तर?" वांगी विकणारासुद्धा विचारायचा. म्हणून हैबतीनं सगळा पावसाळा बसून एक नवा सवाल रचला होता. फक्त चांगूसाठी. तो त्यानं ढोलकीवाल्या पांडूला सांगितला नव्हता, प्रयागबाईलाही सांगितला नव्हता. आज तो सवाल पडला की चांगू गप्प होणार, आणि बाजारात वांगी सुखानं घेता येणार.

अल्बमची कल्पना मुंबईच्या लेकाची, सुहासची. आता सीडी कुणी घेत नाही, जीपवाले, रिक्षावाले गाडीत पेनड्राईव्ह लावतात, प्रोग्रामच्या जागीच विकायचे, असं त्यानं समजावलं. शहरातल्या एका स्टुडिओत बापाची गाणी भरून घेतली आणि माल घरी पोचवून तो कामावर परत गेला. माल होता, फोटो होता, पण लोक येत, खोकं उलटंसुलटं करत, "शाहीर फोटोत तरणे दिसतात," म्हणत आणि परत ठेवत. एकानं तर विचारलं की हे मोबाईलवर फुकट येतं ना. प्रयागबाईनं त्याला सांगितलं की मोबाईलवर फुकट बरंच काय येतं, जेवण तेवढं येत नाय.

मांडवाच्या दुसऱ्या बाजूला मंडळाच्या बायकांचं हळदीकुंकू चालू होतं. रथसप्तमी अजून व्हायची होती, त्यामुळे बायकांची रांग मोठी. आणि मध्येच वाण संपलं. स्टीलच्या वाट्या आणलेल्या, त्या पुरल्या नाहीत. मंडळाच्या चंद्राबाई घामाघूम होऊन रांगेकडे बघत राहिल्या. हळदीकुंकू लावून बाईला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?

प्रयागबाई उठली, ढीग पदरात घेतला आणि चंद्राबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "तुमी कुंकू लावा, मी वाण देते," म्हणाली.

हैबती तेव्हा फेटा बांधत होता. त्याला हे कळलं तेव्हा त्याची छाती फुगली. विकले जात नाहीत तर नाहीत, पण घराघरात आवाज तर जाईल. "दे गो दे, सगळ्यांना दे," तो म्हणाला. "तुरेवाल्यांच्या बायकांना पण दे. त्यांना पण कळूंदे गाणं कशाला म्हणतात."

प्रयागबाईनं दिले. चांगूची बायको तुळसा रांगेत होती, तिला तर मानानं दोन्ही हातांनी दिला. तुळसानं तो हळदीकुंकवाच्या पुडीबरोबर पर्समध्ये टाकला.

फेटा झाला, वेळ होता, म्हणून हैबती बाहेर चहाला गेला. टपरीसमोर एक जीप उभी होती, तिच्या मालकिणीला वाण मिळालेलं दिसत होतं, कारण जीपमधून हैबतीचाच आवाज येत होता. ऐकणारे चारपाच जण मान डोलावत होते. हैबतीनं लाजल्यासारखं करून चहा हातात घेतला आणि अगदी कोपऱ्यात, पण सगळ्यांना दिसेल असा, उभा राहिला. गवळण संपली. मग ढोलकीशिवायच, नुसत्या आवाजात, त्याचा नवा सवाल सुरू झाला.

चहा त्याच्या ओठांपाशी थांबला.

"हा सवाल एक नंबर हाय, शाहीर," टपरीवाला म्हणाला. "मघाशी पण लागलेला. आता ऐका, पुढं उत्तर येतंय."

आणि उत्तर आलं. सगळं, शेवटच्या ओळीपर्यंत, हैबतीच्या खड्या आवाजात.

मग त्याला आठवलं. स्टुडिओत सगळी गाणी होऊन साथीदार बाहेर पडल्यावर काचेपलीकडचा मशीनवाला म्हणाला होता की अजून जागा आहे, काहीतरी म्हणा. हैबतीच्या जिभेवर तेव्हा दिवसरात्र एकच सवाल होता. हे नुसतं मशीन तपासायला आहे अशी समजूत करून घेऊन त्यानं तो म्हटला. म्हणून झाल्यावर सवयीनं थांबला. समोरून उत्तर आलं नाही. येणार कुठून, समोर मशीनवाला एकटा होता. तेव्हा नेमाप्रमाणे हैबतीनं स्वतःच उत्तरही गाऊन दाखवलं. मशीनवाल्यानं ते शेवटचं गाणं म्हणून अल्बममध्ये घातलं. त्याचं काय चुकलं?

हैबती चहा तसाच ठेवून मांडवात आला आणि पांडूला एका बाजूला घेतलं. सगळे पेनड्राईव्ह गोळा कर, बिघाड आहे म्हणून सांग, पण कशाचा ते सांगू नकोस. पांडू ढोलकी चांगली वाजवायचा, पण गुपचूप करायचं काम त्याला कधी जमलं नव्हतं. तो सरळ माईकवर गेला आणि वाणातल्या वस्तूत व्हायरस निघाला आहे, भगिनींनी परत करावी, असं सांगून आला.

एकही परत आला नाही. कुंकू लावून दिलेलं वाण परत मागायचं हे त्या मांडवात आजवर कुणी ऐकलं नव्हतं. एक म्हातारी, जिच्या घरी वाजवायला काहीच नव्हतं, ती सगळ्यांत जास्त चिडली. "मी नाय देणार," ती म्हणाली. "व्हायरस असूंदे नायतर काय असूंदे. मी ती डबी देव्हाऱ्यात ठेवणार हाय."

बाप्यांमध्ये वेगळीच चर्चा सुरू झाली. शाहीर स्वतःचाच अल्बम परत मागतायत, म्हणजे आत काहीतरी आहे. कुणी म्हणालं, चांगूला शिव्या घातल्यात. कुणी म्हणालं, शिव्या नुसत्या नाहीत, पार घराण्यावर गेलेत. मग ज्यांनी मघाशी खोकं परत ठेवलं होतं, ते बायकोच्या पर्समधून पेनड्राईव्ह काढून घेऊ लागले. जीपभोवती गर्दी झाली. एकानं सगळी गाणी मोबाईलवर घेतली आणि दुसऱ्याला पाठवली, दुसऱ्यानं गावच्या ग्रुपवर टाकली. शिव्या कुठं सापडेनात, म्हणून लोक गाणी पुन्हा पुन्हा ऐकायला लागले. विशेषतः शेवटचं. शाहिरांना झाकायचं असलेलं काही असेल तर ते शेवटीच असणार, असा सगळ्यांचा हिशोब.

हैबतीला आता एकाच पेनड्राईव्हची काळजी होती. तो प्रयागबाईकडे गेला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"पण तुमी उत्तर गायलात कशाला?"

"समोरच्यानं दिलं नाय म्हणून."

"समोर कोण होतं?"

"मशीनवाला."

प्रयागबाई नाकाच्या शेंड्याकडे बघत राहिली. तिला हसू आलं की ती असंच करायची.

"त्यानं हार कबूल केली काय?" तिनं विचारलं.

"मस्करी नको करूस गो. तू तुळसाकडे जा. काय पण सांग, पण तेवढा एक परत आण."

"सवाष्णीला दिलेलं वाण परत मागू? तुमच्या सवालासाठी? नाय जमणार," ती म्हणाली. आणि मग जरा हळू, "चांगूभावजींचं तोंड बघितलंत काय? त्यांना कायसुद्धा ठाऊक नाय. गपचूप जाऊन गाणी म्हणा."

पण हैबतीनं चांगूचं तोंड बघितलं ते वेगळ्याच नजरेनं. चांगू पलीकडे खुर्चीत पान खात बसला होता आणि समाधानानं हसत होता. हैबतीची खात्री झाली की हे हसू उत्तर ठाऊक असलेल्या माणसाचं आहे.

सामना सुरू झाला. गण झाला, गवळण झाली, नाच्यांच्या पायातले चाळ घुमले. हैबतीनं मनाशी ठरवलं होतं की नवा सवाल घालायचाच नाही, एखादा जुना घालून वेळ मारून न्यायची. पण जुने सवाल खोऱ्यातल्या सगळ्यांना पाठ होते आणि त्याच्याजवळ नवा एवढा एकच होता. शिवाय लोक ओरडायला लागले, "नवा घाला, शाहीर." नवा आहे हे आता त्यांना ठाऊकच होतं.

हैबतीनं डोळे मिटले आणि सवाल घातला.

चांगू उठला. घसा साफ केला. आणि त्यानं तोंड उघडायच्या आत अख्ख्या मांडवानं उत्तर गायला सुरुवात केली. हैबतीच्याच चालीत, हैबतीच्याच शब्दांत, टाळ्या धरून. बायकांचा आवाज सगळ्यांत मोठा. जिथं त्यानं स्टुडिओत जरा श्वास घेतला होता, तिथं सगळ्यांनी श्वास घेतला.

चांगू उभाच राहिला. त्याला खरोखर काही ठाऊक नव्हतं. तुळसाच्या पर्समधलं खोकं अजून उघडलंही नव्हतं, आणि शक्तीवाल्याचं गाणं त्यानं फुकट मिळालं तरी ऐकलं नसतं. त्या उत्तरापर्यंत तो जन्मात पोचला नसता. पण तो जुना शाहीर होता. गाणं संपेपर्यंत त्यानं सावरून घेतलं आणि माईक जवळ ओढला.

"बघा मंडळी," तो म्हणाला, "जो सवाल महाडच्या बायापोरांना येतो, तो शक्तीवाल्यांनी मला घातला. ह्याला मी उत्तर देऊन माझा घसा कशाला सुकवू? शाहीर, खरा सवाल असंल तर घाला. नसंल तर तसं सांगा, आमी बसतो."

सगळा मांडव हैबतीकडे वळला. हैबतीच्या डोळ्यांसमोर पोलादपूरचा बाजार आणि तो वांगीवाला आला. मागं साथ गाणारे झीलकरी त्याच्याकडे बघत होते, पांडूनं ढोलकीवर नुसताच ताल धरून ठेवला होता. बायकांच्या पुढच्या रांगेत प्रयागबाई बसली होती. ती नुसती त्याच्याकडे बघत होती.

तिला बघून हैबतीला सकाळ आठवली. डॉक्टरांनी साखर सांगितल्यापासून तिनं घरातला गूळ लपवला होता, आणि आज निघायच्या आधी त्यानं फळ्या, कोठी, तांदळाचा डबा, चुलीमागचा कोनाडा, सगळं धुंडाळलं होतं. काही मिळालं नव्हतं. त्या क्षणाला त्याला जगात एवढाच एक सवाल ठाऊक होता ज्याचं उत्तर सापडत नाही. त्यानं पांडूला खूण केली आणि आवाज लावला,

"सात पाताळं धुंडून येशी, मेरूला घालशी फेरा,
तुझ्या घरी रे गूळ कुठं हाय, सांग तुरेवाल्या शाहिरा?"

पहिल्यांदा बायका हसल्या. मग बाप्ये हसले, पण बायका आपल्याकडे बघतायत हे दिसल्यावर थांबले.

चांगूही हसला. एवढंच ना, अशा थाटात त्यानं हात वर केला आणि फळीवरच्या डब्यात आहे, असं गायला सुरुवात केली. बायकांमधून तुळसानं मान हलवली. चांगूनं चाल न सोडता गूळ कोठीत नेला. तुळसाची मान पुन्हा हलली. चांगू माळ्यावर चढला, भाताच्या कणगीत उतरला, ताक घुसळायच्या डेऱ्यात हात घालून आला. तुळसानं तोंडाला पदर लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. साखर चांगूलाही होती, हे सगळ्यांना तेव्हा कळलं. शेवटी त्यानं माईक सोडून बायकोला साध्या आवाजात विचारलं, "अगो, कुठं हाय मंग?" तिनं पदर आणखी वर ओढला.

"हरलो," चांगू म्हणाला. मांडव दणाणला. फेटे उडाले, पांडूनं ढोलकी फोडायचीच बाकी ठेवली. चांगूनं हात वर करून सगळ्यांना शांत केलं.

"हार कबूल हाय. आता नेमाप्रमाणं सवाल घालणाऱ्यानं उत्तर द्यायचं. शाहीर, तुमच्या घरी गूळ कुठं असतो, तेवढं गाऊन दाखवा."

हैबतीनं सवयीनं आवाज लावायला तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं.

तो प्रयागबाईकडे बघत होता. ती नाकाच्या शेंड्याकडे बघत होती.

मंडळाच्या अध्यक्षांनी पाचजणांशी बोलून निकाल दिला की दोन्ही शाहीर हरले, आणि मानाचा नारळ कुणाला द्यावा ते न समजल्यामुळे प्रयागबाई आणि तुळसा या दोघींना मिळून देण्यात येत आहे. पुढचा अर्धा सामना झाला खरा, पण लोकांचं लक्ष नव्हतं. जो तो आपापल्या बायकोशी बोलत होता. आणि प्रोग्राम सुटल्यावर टेबलाभोवती जी गर्दी उसळली ती विचारत होती, गुळाचं गाणं ह्या पेनड्राईव्हमध्ये आहे काय? नाही? मग कधी काढताय?

परतताना जीपमध्ये हैबती प्रयागबाईच्या शेजारी बसला. पोलादपूर आलं. बाजारातून जाताना वांगीवाल्यानं हात केला, जीप थांबवली आणि गावच्या ग्रुपवर गुळाचं गाणं आलं हे सांगून विचारलं, "शाहीर, सापडलं काय हो?" हैबती हसला. ह्या वेळी त्याला ते बोचलं नाही.

जीप उमरठच्या वाटेला लागली, तशी तो प्रयागबाईकडे सरकून हळूच म्हणाला, "आता तरी सांग गो. दुसऱ्या कुणाला नाय सांगत. फक्त मला."

प्रयागबाईनं मानाच्या नारळाची आपल्या वाट्याची कवड मांडीवर नीट ठेवली.

"नाय सांगणार," ती म्हणाली. "तुमी तेपण पेनड्राईव्हवर घालाल."