कप्तान ब्लू यांचे शिळ्या पाण्याची मोहीम

जगदंबा सर्वांस सुबुद्धी देवो, आणि ऐकीव बातमीपासोन राखो. कारण की, साता समुद्रांपलीकडे अ‍ॅशबर्न प्रांती मराठी मंडळाचे पॉटलकमध्ये, म्हणजे ज्याने त्याने घरोन पदार्थ आणावयाचे पंक्तीत, एक वर्तमान फिरते की, कप्तान ब्लू नामे मासा विनयरावांचे घरी मरणाचे दारी जावोन परत आला, तो केवळ दैवेकरून. हे वर्तमान सपशेल चुकीचे आहे. यात दैवाचा हिस्सा थोडा, बादलीचा फार. ज्यांनी ही बातमी उठविली त्यांनी पॉटलकास पुलाव आणिला होता, तोही कच्चा होता. म्हणोन त्यांचे बोलण्यावर न जाता, खाशा माहितगारांस पुसोन, आरंभापासोन हकीकत लिहितो.

शके एकोणीसशे अठ्ठावीस, व्ययनाम संवत्सर, इंग्रजी सन दोन हजार सहा, एप्रिल मास. रामनवमी झालियावर दुसरे दिवशी, शुक्रवारी, विनयरावांची कन्या चिरंजीव इशिताबाई, उमर वर्षे आठ, इयत्ता तिसरी, मातुश्रींचे गाडीतून घरास दाखल जाहल्या, आणि दोहो हातीं काचेचे भांडे, आणि भांड्यात कप्तान ब्लू. हा बेट्टा जातीचा मासा, रंगे गडद निळा, शेपटीचा डौल मोठा, आणि स्वभाव ऐसा की काचेत आपलेच रूप दिसले तरी कल्ले फुगवोन युद्धास उभा राहावा. हा वर्गाचा मासा. स्प्रिंग ब्रेक, म्हणजे वसंताचे सुटीचे दहा दिवस त्यास कोणी सांभाळावे म्हणोन मास्तरीण मिसेस पॅटरसन यांनी एकोणीस मुलांच्या चिठ्ठ्या टाकिल्या, आणि इशिताबाईंची निघाली.

परंतु या मानाचे पाठीस एक भय होते. डिसेंबरचे सुटीत कप्तानाचे आधीचा मासा ब्रँडन नामे मुलाचे घरी होता, तो तेथेच निवर्तला. तेव्हापासोन वर्गात त्या मुलास 'फिश किलर' ही पदवी मिळाली, आणि डब्याचे वेळी त्याजपाशी कोणी बसेना. इशिताबाईंनी हे डोळ्यांनी पाहिले होते, किंबहुना त्याही उठोन दुसरे बाकावर गेल्या होत्या. ऐसियास, सुटी सरल्यावरचे सोमवारी कप्तान जिवंत वर्गात पोचवावा, नाही तर ती पदवी आपले माथी, हा घोर त्यांस लागला होता.

घरचे धनी विनयराव, डेटा सेंटरांचे सुभ्यावर नामजाद, जेथे यंत्रांस गारवा आणि माणसांस सर्दी असा बंदोबस्त आहे. त्यांचे कुटुंब सुनेत्राबाई, या घरी बसोन सॉफ्टवेअरची परीक्षा करीत आणि फोनवर मसलती चालवीत. आणि विनयरावांच्या मातुश्री पद्मिनीबाई, नागपुराहून सहा महिन्यांचे मुक्कामास आलेल्या. बाईंचा नागपुरी पाण्याचा बंदोबस्त चाळीस वर्षे अबाधित होता: पहाटे नळ यावा, आणि कालचे पाणी तुळशीस घालावे, आणि हंडाकळशी चिंचेने लख्ख घासावी, आणि मग ताजे भरावे. रात्र उलटली की पाणी शिळे, ते कोणास देऊ नये, हा बाईंचा कायदा. अ‍ॅशबर्नास नळ आठौ प्रहर चालू, भांडी यंत्र घासी, आणि सून चांगली, तीही म्हणे, "आई, तुम्ही बसा ना, रिलॅक्स करा." आराम करोन करोन बाई कंटाळल्या होत्या, हे खरे लिहिले पाहिजे. त्यांस काहीतरी काम पाहिजे होते.

मग घरात एक जीव पाण्यात राहणारा आला, आणि बाईंस हुरूप आला. शनिवारी पाने वाढली, तेव्हा बाईंनी आपला पहिला घास घेण्याआधी वरणभाताची चार शिते कप्तानास वाहिली. घरात आलेला मुका जीव उपाशी ठेवोन आपण जेवावे हे त्यांचे घराण्यात नव्हते. रविवारी पुन्हा तैसेच केले. कप्तानाने भातास तोंड लाविले नाही. शिते तळास जावोन खड्यांमध्ये कुजली, पाणी गढूळ जाहले, आणि सोमवारी सकाळी बाईंनी पाहिले तो पाहुणा तीन दिवसांचे शिळ्या पाण्यात, तेही नासलेले. बाईंस फार लाज वाटली.

ते समयी विनयराव कचेरीस गेले होते, सुनेत्राबाई फोनवरील मसलतीत गुंतल्या होत्या, आणि इशिताबाई सुटीचे शास्त्राप्रमाणे निजल्या होत्या. बाईंनी पदर खोचला. चहाचे गाळणीने कप्तानास उचलोन वाटीत घातले, आणि पाणी थेंब न राखता ओतले, आणि भांडे व तळचे खडे साबण लावोन घासणीने लख्ख घासले, आणि नळ सोडोन ताजे पाणी काठोकाठ भरले, तेही खूप गार येऊ देऊन, कारण पाहुण्यास गार पाणी द्यावे. मग कप्तानास त्यात सोडोन देवापुढे उदबत्ती लावावयास गेल्या. ऐसी ही चढाई केवळ मायेपोटी जाहली. पण शत्रूने केली असती तर याहोन वेगळी केली नसती.

इशिताबाई उठोन आल्या तो कप्तान तळास आडवा पडलेला, निळा रंग उडोन राखाडी जाहला, कल्ले धापा टाकीत. मग मोठा गहजब जाहला.

"आजी, what did you do?"

"अगं, शिळं पाणी होतं. टाकलं आणि ताजं भरलं."

"You killed him! You're the fish killer!"

इंग्रजीत बोलले तरी बाईंस सर्व कळले. त्या ओट्याशी उभ्या राहिल्या, हातातील उदबत्तीची राख फरशीवर पडली, आणि ती पुसावयाचेही भान राहिले नाही.

सुनेत्राबाईंनी फोन म्यूट केला, येवोन भांडे पाहिले, आणि फोनवाल्यांस कळविले की फॅमिली इमर्जन्सी आहे. मग हुकूम केला की सर्वांनी गाडीत बसावे. पद्मिनीबाईंनी कोणास न पुसता भांडे शालीत गुंडाळोन मांडीवर घेतले, आणि गाडीचा हीटर लावोन स्वारी मत्स्यांचे दुकानाकडे दौडत निघाली. बाई भांड्यावर तळहात धरोन होत्या, पाणी हिंदकळू नये म्हणोन.

त्या दुकानी लिंडाबाई नामे वृद्ध स्त्री, गळ्यात साखळीचा चष्मा, मत्स्यविद्येत फार निष्णात. त्यांनी कप्तानाची दशा पाहोन क्षणाचाही विलंब न करिता आपले टाकीतील कोमट पाण्याचे पेल्यात त्यास घेतले, मग विचारपूस केली. इशिताबाई दुभाषाचे काम करीत होत्या, रडत रडत. लिंडाबाईंनी सांगितले की, नळाचे पाण्यात क्लोरीन असते, ते माणसास चालते, माशाचे कल्ले जाळते. त्यावर औषधाचे थेंब घालावे लागतात. आणि गार पाण्याने याचे अंग आखडते. आणि साबण तर विषच. भात देवो नये, माशाचे खाण्याचे दाणे मिळतात ते दिवसास तीन, खाल्ले नाही तर काढावे. आणि सर्व पाणी एकदम कधी बदलू नये. चार हिश्शांपैकी एक हिस्सा काढावा, तीन जुने राखावे.

हे अखेरचे कलम ऐकोन पद्मिनीबाईंस राहवेना. "तिला म्हणावं, शिळं पाणी आम्ही पाहुण्याला देत नाही."

इशिताबाईंनी उलथा केला. लिंडाबाई हसल्या, आणि उत्तर दिले की, तुमचे शिळे ते याचे घर. त्या जुन्या खड्यांवर बारीक चांगले जंतू धरतात, तेच घाण खातात, ते धुवोन टाकिले की पुन्हा आरंभापासोन बसवावे लागतात. त्यावर बाई म्हणाल्या, "म्हणजे विरजण. दही संपवताना चमचाभर ठेवायचं, सगळं नाही घासून टाकायचं. आधी सांगायचं ना मग." ऐसी ती गहन विद्या, जी विनयरावांस संगणकावर दोन तास वाचोन कळली नसती, ती बाईंस एका वाक्यात कळली.

परंतु लिंडाबाईंनी आणिक एक पुसले की, शाळेने कागद दिला नव्हता काय, बहुधा देतात. तेव्हा इशिताबाईंचे तोंड उतरले. कागद दिला होता, थेंबांची बाटलीही दिली होती. दोन्ही दप्तरात होती, आणि दप्तर शुक्रवारपासोन उघडलेच नव्हते. हे बोलावे कैसे, ऐसा पेच पडला. पद्मिनीबाईंनी नातीकडे पाहिले, त्यांस सर्व उमगले, आणि लिंडाबाईंस आपले इंग्रजीत सांगितले, "माय मिस्टेक. ओन्ली माय." इशिताबाईंनी आजीचा पदर घरी येईपर्यंत सोडला नाही.

त्याउपरि मोहिमेचा बंदोबस्त पद्मिनीबाईंकडे सोपविला. भांडे आणि खडे गरम पाण्याने सात वेळ धुवोन साबणाचा अंश काढिला, लिंडाबाईंनी कप्तानासह पिशवीत दिलेले जुने पाणी त्यात घातले, शाळेचा कागद फ्रिजवर लाविला. एक निळी बादली नेमिली. तीत नळाचे पाणी, त्यात थेंब, आणि खोलीइतके कोमट होईतो झाकोन ठेवावे, थर्मामीटर बुडवोन पाहावे, मगच पेलाभर काढोन पेलाभर घालावे, असा कायदा जाहला. मंगळवारी कप्तान हलला नाही. बुधवारी उठोन बसला. गुरुवारी एक दाणा खाल्ला, आणि ही खुशाली बाईंनी नागपुरास फोन करोन धाकट्या जावेस कळविली, तिकडे निजानीज जाहली आहे की काय, हेही न पाहता.

शुक्रवारी मात्र घरभेद जाहला. विनयराव कचेरीतून आले, सिंकापाशी झाकलेली बादली देखिली, आणि शिस्तीचे पुत्र म्हणोन ती ओतोन पालथी घातली.

"विनय, बादली कोणी रिकामी केली?"

"मी. शिळं पाणी होतं ना, आई. तूच तर शिकवलंयस."

बाईंनी त्यास जे ऐकविले ते येथे लिहिण्याजोगे नाही. विनयराव वय वर्षे अडतीस, सुभेदारीचे माणूस, परंतु मुकाट्याने बादली भरोन थेंब घालते जाहले, आणि इशिताबाई आजीचे पाठीशी उभ्या राहोन थेंब मोजीत होत्या.

आता रविवारची गोष्ट, जीत या मोहिमेची खरी लढाई जाहली. सकाळी बाई एकट्या उठल्या, भांडे पाहतात तो पाण्यावर पांढरा फेस, एक कोपरा भरोन. फेस म्हणजे पाणी नासले, किंवा साबण राहिला. नागपुरात ऐसे पाणी क्षणभर ठेविले नसते. उद्यावर सोमवार, आणि कप्तान त्या फेसाखाली. चाळीस वर्षांचा हात आपसूक भांड्याकडे गेला, उचललेही. मग बाईंनी ते परत ठेविले. खुर्ची ओढोन समोर बसल्या, हात मांडीत घट्ट धरोन, आणि नात उठेपर्यंत एक तास पाण्यास शिवल्या नाहीत. बखरकाराने पुष्कळ लढाया ऐकिल्या, परंतु हात आवरोन जिंकलेली ही एकच.

इशिताबाई डोळे चोळीत आल्या.

"इशू, बघ गं. फेस आलाय. मी नाही काही केलं."

इशिताबाईंनी भांड्यास नाक लाविले, मग फ्रिजवरचा कागद वाचला. "आजी, that's a bubble nest! He made it. तो हॅपी असला की करतो."

"घर बांधलं होय यानं?" बाई म्हणाल्या, आणि उठोन भांड्यात वाकोन पाहू लागल्या.

सोमवारी प्रातःकाळी कप्तान ब्लू, रंगे पूर्ववत, शेपटी पसरोन, आपले जुने पाणी आणि जुने खडे यांसह शाळेत सुखरूप दाखल जाहले. बाकीच्या अठरा मुलांनी टाळ्या वाजविल्या. मिसेस पॅटरसन यांनी भरवर्गात पुसले की, हा इतका छान कैसा राहिला. इशिताबाई उभ्या राहोन बोलल्या, "My Aaji did the water." बखरकाराने हे वाक्य अक्षर अक्षर तपासोन पाहिले, पहिल्या सोमवारचे आणि पुढील सर्व दिवसांचे मिळोन त्यात काहीही खोटे नाही. मग डब्याचे वेळी इशिताबाई ब्रँडनपाशी जावोन बसल्या, आणि त्यास पहिला प्रश्न पुसला की, तुझे घरी तेव्हा थेंब होते काय. तो म्हणाला की, थेंब काय असतात हे त्यास कोणी सांगितलेच नव्हते.

ऐसी चैत्र वद्य पक्षी अ‍ॅशबर्न मुक्कामी फत्ते जाहली. कप्तान वाचला, एक पदवी नवी लागली नाही, आणि जुनी होती ती त्या दिवसापासोन गळाली. सायंकाळी हे सर्व वर्तमान नातीने आजीस तपशीलवार सांगितले. ते ऐकोन पद्मिनीबाईंनी पाठ फिरवोन यंत्रातून निघालेली स्वच्छ भांडी पुन्हा घासावयास घेतली, आणि बराच वेळ नळ बंद केला नाही.