ह्रुश्कांचा पूल

"पूल? अहो, पूल झालाच म्हणून समजा!" निरोप द्यायला आलेल्या गावाच्या बँडपुढे एमिल ह्रुश्का छाती ठोकून म्हणाला.

औषधांचं दुकान बायकोच्या, अल्बिनाच्या, गळ्यात टाकून हा गडी नेब्रास्काच्या खालच्या सभागृहात निवडून गेला, तो केवळ या पुलासाठी. गावाच्या मधोमध ओढा. अलीकडे डॉक्टर, पलीकडे आजारी माणसं! ओढा फुगला की बाळंतिणीनं दम धरायचा, नाहीतर डॉक्टरानं पोहायला शिकायचं!

खालच्या सभागृहात विधेयक लोण्यासारखं सरकलं. एमिलनं घरी तार ठोकली, "पूल मंजूर!"

वरच्या सभागृहात सिनेटर टिडबॉल बसलेले. म्हणाले, "पूल उत्तमच! फक्त माझ्या गिरणीपाशी हवा."

"डॉक्टरांना केवढा वळसा पडेल!"

"मग त्यांना गिरणीपाशी राहायला सांग!"

झालं! दोन सभागृहांचे दोन पूल! मग समेटासाठी दोन्हीकडची मंडळी एका खोलीत शिरली आणि आतून कडी लावून बसली. एमिल बाहेर नखं खातोय!

शेवटी समितीचे अध्यक्ष घाम पुसत बाहेर आले. "अभिनंदन! दोन्ही पुलांकडे जाणारे रस्ते मंजूर!"

"आणि पूल?"

"त्यावर एकमत होईना. वगळला."

"कुणी वगळला?"

"वरच्यांनी."

वरच्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "खालच्यांनी!"

एमिल गावी परतला, तर स्टेशनवर बँड हजर! तारेचा प्रताप! त्यानं चाचरत खरं काय ते सांगितलं.

ढोलवाला म्हणाला, "म्हणजे दोन्ही रस्ते थेट पाण्यात?"

एमिलचं डोकंच फिरलं. राज्यात एकच सभागृह ठेवावं का, यावर त्याच साली मतदान होतं. तो गावोगाव घसा फोडत हिंडला, "एका घरात दोन चुली हव्यात कशाला? एकच ठेवा! भाजी कुणी करपवली ते तरी कळेल!"

लोकांना पटलं. दोनाचं एक सभागृह झालं. एमिल दुकानात नाचला!

पण जागा घटल्या, मतदारसंघ जोडले गेले. पुढच्या निवडणुकीत एमिलसमोर उभे राहिले टिडबॉल, आणि त्यांनी त्याला सपशेल आडवा केला.

"असू दे!" काउंटरमागे उभा राहून एमिल धुसफुसला. "आता पूल अडला, तर कुणी अडवला ते जगाला कळेल!"

"कळेल की," बाटल्या पुसत अल्बिना म्हणाली. "आणि टिडबॉलनी बांधला, तर तेही कळेल!"