म्होरं

उन्हाळा, २००४. जुन्नरच्या बाजाराचा रविवार. हजर: मी सुमन, झेरॉक्स आणि स्टेशनरीच्या दुकानाची मालकीण, ओझरला गणपतीच्या देवळाजवळ लॉज चालवणारे पोखरकर, आणि माझ्याच दुकानात फळ्यांच्या पार्टिशनपलीकडे बसणारा आमच्या गल्लीचा वेब डिझायनर, सलीम. गैरहजर: वीज.

वीज नसल्यामुळे भांडण तोंडीच चाललं होतं. पोखरकरांच्या लॉजची वेबसाइट सलीमने केली होती. वर गणपती, मध्ये खोल्यांचे फोटो आणि अगदी खाली दोन बटणं. डावीकडच्या बटणावर लिहिलं होतं 'मागे'. उजवीकडच्या बटणावर 'म्होरं'.

"म्होरं?" पोखरकर म्हणाले. "अरं, मुंबई-पुन्याचं गिऱ्हाईक बघतंय ते. सरळ 'पुढे' लिही की. भाचा लई हसला मला."

"हसला, पन बटन दाबलं का नाय?" सलीम म्हणाला.

"दाबलं."

"मग म्होरं गेला?"

"गेला."

"मग झालं तर."

पोखरकर माझ्याकडे बघायला लागले. मी चहा सांगितला.

खरं म्हणजे मीही पोखरकरांच्याच बाजूची होते. मला कामं नेटकी लागतात. रोज सकाळी दिवसभराच्या कामांची यादी करते आणि संध्याकाळी खुणा करून फाडून टाकते. सलीमचं कुठलंही काम असं फाडून टाकता यायचं नाही.

एक तर त्याची फ्लॉपी. शर्टाच्या खिशात ती कायम असायची. लोक दुसऱ्याच्या घरी गेले की पाणी मागतात, सलीम कॉम्प्युटर कुठाय विचारायचा. कारण त्याच्या वेबसाइटचा मराठी फॉन्ट त्याने स्वतः बनवलेला होता. तो फॉन्ट वेबसाइटवरून उतरवून घेता यायचा, पण ज्या कॉम्प्युटरात नसेल तिथे सगळं मराठी इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन दिसायचं. म्हणून भेटेल त्या कॉम्प्युटरात तो फॉन्ट घालत सुटायचा. दाताच्या डॉक्टरकडे गेला तर दात राहिला दुखत, आधी फॉन्ट. मंचरला एका कांद्याच्या अडत्याच्या ऑफिसात लिलाव रंगात आलेला असताना हा टेबलाखाली शिरून वायरी तपासत होता. अडत्याला वाटलं, सरकारी माणूस आला. त्याने खुर्ची दिली आणि भजी मागवली. सलीमने भजी खाल्ली आणि फॉन्ट घातला.

दुसरं म्हणजे त्याची 'आजची वार्ता'. आपल्या वेबसाइटवर तो रोज इंटरनेटच्या जगातल्या बातम्या लिहायचा. गल्लीत सलीम सोडून इंटरनेट कुणाकडेच नव्हतं, म्हणून त्याची एक प्रत माझ्या शटरवर चिकटवायचा. बातमी अमेरिकेतून निघायची आणि आमच्या गल्लीत संपायची. 'दूरदेशीच्या एका कंपनीने फुकट टपालपेटी जाहीर केली आहे. हजारो पत्रे मावतील म्हणतात. आमचा पोस्टमन मंगळवारपासून दिसलेला नाही.' किंवा, 'ई-मेलमधून विषाणू पसरत आहे. अनोळखी प्रेमपत्र उघडू नये. शेजारच्या चाचीने विचारले, कॉम्प्युटरवरून लिंबू उतरवू का?'

लोक उभं राहून वाचायचे, हसायचे. पण मधूनच सलीमची भाषा भलतीकडे जायची. पावसाच्या दिवसांत त्याने लिहिलं, 'आज मेघ दाटून आले आहेत, मोडेम बंद ठेवावा.' एकदा लिहिलं, 'मोकाट गर्दभाने टेलिफोनची केबल खाल्ली. जुन्नरचे इंटरनेट सकाळपासून बंद.' गाढवाला गर्दभ म्हटलेलं आमच्या गल्लीने कधी ऐकलं नव्हतं. गाढवाचा मालक येऊन म्हणाला, माझ्या जनावराला शिव्या का घातल्या? तर एकीकडे मेघ आणि गर्दभ, आणि दुसरीकडे म्होरं. हा माणूस शास्त्री होतोय की अडाणी होतोय, ते कळेना.

त्या रविवारी पोखरकर चहा पिऊन गेल्यावर मी शटरवरचे जुने कागद घेऊन बसले. ढग नाही, गाढव नाही, पुढे नाही. वाढदिवसाच्या जागी जन्मदिन. 'एवढा' कुठेच नाही, सगळीकडे 'इतका'. मी पार्टिशनवर टकटक केलं.

"सलीम, तुझं ढ शी काय वाकडं आहे?"

पलीकडे खुर्ची सरकली. मग तो म्हणाला, "नाय सापडला, ताई."

सलीमचे आईबाप तो लहान असतानाच गेले. त्याला वाढवलं थोरल्या भावाने. करीम पेंटर. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यात त्या काळी ज्या दुकानाला पाटी असेल तिच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'करीम, जुन्नर' असायचं. माझ्या दुकानाची पाटीही त्याचीच. सलीम पुण्याला कॉम्प्युटर शिकून आला, त्याने भावाला पडद्यावर पहिली वेबसाइट दाखवली. करीमभाईंनी ती खालपासून वरपर्यंत नीट पाहिली आणि एकच विचारलं, "चांगलंय. पन अक्षर कोन काढतंय ह्यात?"

पुढच्याच वर्षी करीमभाई गेले. तेव्हापासून दर शुक्रवारी नमाज झाली की सलीम मोटरसायकल घेऊन भावाच्या पाट्या शोधत गावोगाव फिरायचा. मिळेल त्या पाटीवरून एकेक अक्षर कागदावर गिरवून घ्यायचा आणि कॉम्प्युटरात त्या फॉन्टमध्ये घालायचा. ते कागद मीच स्कॅन करून देत होते, आणि मला वाटायचं कुणा गिऱ्हाइकाचं काम असेल. झ मिळाला माझ्या पाटीवर. ठ मिळाला पिठाच्या गिरणीवर. ढ मात्र राहिला. सलूनवर 'दाढी' होतं, ते गेलं. तिथे आता फ्लेक्स लागला. ढाब्यांवरही फ्लेक्स आले.

मी सुचवायला कमी केलं नाही. म्हटलं, ट ला पोटात एक गाठ मार, ढ झाला. तो म्हणाला, मारून बघितली, पोट दुखल्यासारखा दिसतो. मग म्हटलं, ढ हे अक्षर म्हणे हजारो वर्षांत बदललेलंच नाही. आपल्या लेण्यांतल्या लेखांत बघ, एखादा मिळेल.

"मिळंल. पन तो भाईचा नाय."

मी दुसऱ्या दिवसाच्या यादीत लिहिलं: ढ शोधणे.

तो मलाच सापडला. आहुप्याच्या शाळेत वह्या पोचवायला जीपने निघाले होते. घाट लागायच्या आधी एका मोरीच्या कठड्यावर चुन्याच्या पांढऱ्यावर निळी अक्षरं दिसली. 'सावकाश. पुढे ओढा आहे.' एका ओळीत दोन ढ. कोपऱ्यात 'करीम, जुन्नर'.

पुढच्या शुक्रवारी सलीमला घेऊन गेले. सामान मी काढलं होतं: ट्रेसिंग पेपर, पेन्सिली, चिकटपट्टी, ओलं फडकं, माझा रोलचा कॅमेरा. तिथे पोचल्यावर त्याने फडक्याने अक्षरं पुसली, हळूहळू, लहान पोराचं तोंड पुसावं तशी. मग ढ वरून बोट फिरवत राहिला.

"हितं मी आलोय, ताई," तो म्हणाला. "ध्यानातच नव्हतं. ओढ्याला लई पानी व्हतं त्या दिवशी. मी रंगाचा डबा धरला व्हता, आन भाईनं मला."

मी ट्रेसिंग पेपर पुढे केला. त्याने घेतला नाही.

"उशीर होतोय," मी म्हटलं. "त्यासाठीच आलोय ना आपण?"

"हा घेतला की झालं ना सगळं?"

"झालंच पाहिजे."

तो कठड्यावर बसला. "मग शुक्रवारी मी कुठं जाऊ?"

सलीम फडकं धुवायला ओढ्यात उतरला. येताना जीपवाला म्हणाला होता की ह्या रस्त्याचं रुंदीकरण होणार आहे, मोऱ्या नव्याने बांधणार. मी सलीमच्या पाठीकडे बघितलं, कॅमेरा उचलला आणि दोन्ही ढ चे फोटो घेतले. तो वर आला तेव्हा कॅमेरा पिशवीत होता आणि मी जीपवाल्याला भाड्यावरून बोलत होते.

पोखरकरांच्या वेबसाइटवर अजून 'म्होरं'च आहे. त्यांनी बोलणं सोडून दिलं. मुंबईची काही पोरं लॉजवर आली की काउंटरवर मुद्दाम विचारतात, जिना कुठाय, म्होरं का? पोखरकर आता स्वतःच हसून हात दाखवतात. सलीम अजून गर्दभ लिहितो आणि शुक्रवारी मोटरसायकल काढतो. कुठे जातो, ते मी विचारत नाही.

रोल माझ्या गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात आहे. रोज सकाळी यादी करताना एक ओळ मी सगळ्यात आधी लिहिते, आणि संध्याकाळी ती तशीच उरते: रोल धुवायला टाकणे.