“फास्टच घाल!”

“मी मागे उभी राहिले की काम झालंच म्हणून समजा!” असं फोनवर ठणकावून माईंनी सगळ्यांना आवाज ऐकायला बोलावून टाकलं. आवाज माईंच्या यजमानांचा. ते गेले, आणि मागे उरली जुन्या रेकॉर्डरमधली एकच फाइल. ती कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडेना. इकडे माईंना तो आवाज आठवेनासा झाला होता. हे मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

सूनबाई प्रोग्रॅम लिहिणाऱ्या. त्यांच्या पायथन भाषेला ती फाइल कळत नव्हती, म्हणून सी भाषेतली एक जुनी लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा गठ्ठा, जोडून मॉड्यूल नावाचा दुभाषा बांधायचा होता.

“अडलंय कुठे?” माई खुर्चीमागून.

“लायब्ररी सापडत नाहीये, माई. पत्ता चुकतोय.”

“मग बरोबर घाल! एवढं शिकून पत्ता लिहिता येईना?”

पत्ता सुधारला, तर हेडर नावाची फाइल हरवली. ती सापडली, तर लिंकिंग, म्हणजे सगळ्याची जोडणी, अडली. स्क्रीनभर लाल ओळी उठल्या, जणू कॉम्प्युटरला गोवर आला!

“आता शेवटचं. सेटिंगमध्ये ‘फास्ट’ म्हणून काहीतरी आहे. थांबा, आधी नीट वाचते…”

“वाचत काय बसतेस! माणसं दारात आलीत. फास्टच घाल!”

मॉड्यूल बांधून झालं. सगळे जमले. माईंच्या नणंदबाईंनी आधीच रुमाल काढला. सूनबाईंनी बटण दाबलं, आणि तो संथ, भारदस्त माणूस शेपटीवर पाय पडलेल्या उंदरासारखा चिरकला! धाकट्या दिरांच्या नाकातून चहा आला.

“वहिनी! माझ्या भावाची टिंगल ऐकायला बोलावलंत?” नणंदबाई कडाडल्या.

“मशीनच आगाऊ आहे मेलं!”

“माई,” सूनबाई पुटपुटल्या, “ते ‘फास्ट’ मॉड्यूल लवकर बांधण्यासाठी नव्हतं. आवाज पळवण्यासाठी होतं.”

“मग काढ की! बघतेस काय?”

काढलं. आधीचं सगळं पुसून मॉड्यूल नव्याने बांधलं. पुन्हा बटण. या वेळी यजमानांचा खरा, संथ आवाज आला.

“चालू झालं का हे?… अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?”

“कपाळावर बघा!” खुर्चीमागून माई ताडकन म्हणाल्या.

फाइल तेवढीच होती. दिरांनी कप आवाज न करता खाली ठेवला. माई सगळ्यांकडे पाठ करून दिवाणावरच्या उशीची खोळ ओढून ओढून सरळ करत राहिल्या.

“पुन्हा लावू, माई?” सूनबाईंनी हळूच विचारलं.

“तो मघाचा उंदीरच लाव बाई,” माई म्हणाल्या. “त्याला उत्तर द्यावं लागत नाही.”