हिरवा म्हणून आलेला लाल

नानांनी खोक्याची चिकटपट्टी ओढून काढली, आत पाहिलं आणि स्टुलावर बसकणच मारली.

"काय झालं?" संगणकावर अक्षरं जुळवत बसलेल्या त्यांच्या पत्नीने मान न वळवता विचारलं.

"हिरवा मागवला होता ना आपण?"

"गडद हिरवा. का?"

नानांनी रोल वर काढला. लालभडक होता. खोक्यावर मात्र स्वच्छ अक्षरांत छापलं होतं, गडद हिरवा.

दुकानांचे बोर्ड करण्यात नानांची हयात गेली होती. आधी ते ब्रशने अक्षरं रंगवत. पुढे कापायचं मशीन आलं, तेव्हापासून व्हिनाइलच्या चिकट, रंगीत रोलमधून अक्षरं कापून बोर्डावर लावू लागले. हे रोल पुरवायचे रोलशेठ. त्यांचं खरं आडनाव कुणालाच आठवत नव्हतं. गोदामाचे मालक असूनही ते खांद्यावर रोल टाकून स्वतः दुकानात येत, चहा घेत आणि रंग उन्हात धरून दाखवत. मग त्यांचे गुडघे कुरकुरू लागले आणि त्यांनी गोदाम एका कंपनीला विकलं. त्या कंपनीला तिच्याहून मोठ्या कंपनीने गिळलं. शेठ गेले, चहा गेला, उरला एक फोन नंबर. तो उचलणारी मुलगी दर वेळी वेगळी असे आणि दर वेळी तेवढीच गोड बोले.

"सर, आमच्या सिस्टीमला तो हिरवाच दिसतोय," आजची मुलगी म्हणाली.

"अहो ताई, मला लाल दिसतोय ना!"

"सर, दोन कंपन्या एक झाल्यात, त्यामुळे कोड बदललेत. माल बरोबरच आहे."

"कोडाचं राहू द्या. टोमॅटो कुठल्या रंगाचा असतो, तेवढं सांगा."

"सॉरी सर, टोमॅटो आमच्याकडे मिळत नाहीत."

नानांनी फोन ठेवला. हसायची त्यांची इच्छा नव्हती, कारण बोर्ड साधासुधा नव्हता. दातांची डॉक्टर झालेल्या एका मुलीचा पहिला दवाखाना रविवारी उघडणार होता. बोर्ड करायला टाकला होता तिच्या वडिलांनी. पोस्टातून निवृत्त झालेला, कडक इस्त्रीतला, मोजकं बोलणारा माणूस. "पांढऱ्यावर हिरवी अक्षरं," त्यांनी सांगितलं होतं. "हिरवीच हं. तिच्या आईचा आवडता रंग. ती असती तर..." पुढचं वाक्य त्यांनी काउंटरवरच सोडलं आणि ते निघून गेले.

कंपनीला फोटो पाठवले. बदली रोल आला, तोही लाल. नानांचं डोकं फिरलं. रोलशेठांवरच्या निष्ठेपायी ज्या दुसऱ्या कंपनीचं त्यांनी कधी तोंड पाहिलं नव्हतं, तिचा नंबर त्यांनी शोधून काढला आणि फिरवला. पलीकडे ओळखीचं संगीत वाजलं आणि या वेळी चक्क ओळखीचा गोड आवाज आला, "नमस्कार सर, परत आपणच!"

तीही कंपनी गेल्या महिन्यात त्याच पोटात गेली होती.

शेवटी डोकं चालवलं पत्नीने. "अहो, कोड बदलताना यांनी लाल आणि हिरव्याची अदलाबदल करून ठेवलीय. सरळ लाल मागवा, हिरवा येईल."

नानांना बायकोचा इतका अभिमान वाटला, की त्यांनी तो बोलूनही दाखवला. लाल मागवला. कंपनीने नेमकी त्याच दिवशी चूक दुरुस्त केली आणि लालच आला. घाईघाईने हिरवा मागायला गेले, तर फोनवरची मुलगी हळहळून म्हणाली, "हिरवा संपलाय सर. आता पुढच्या महिन्यात."

हे सगळं होईस्तोवर शुक्रवार उजाडला आणि डॉक्टरीणबाईंचे वडील दुकानात आले. तिन्ही रोल भिंतीशी उभे होते. झाकायलाही वेळ मिळाला नाही. वडिलांनी चष्मा पुसला, पुढे होऊन एका रोलवरून हात फिरवला.

"वा! अगदी मनासारखा मिळाला. तिला असाच आवडायचा."

एवढंच बोलून, रुमालाने डोळे टिपून ते निघून गेले. नानांचा चेहरा पडला.

"ऐकलंस? काय टोमणा मारला माणसाने! चार शिव्या हासडल्या असत्या तरी परवडलं असतं."

पत्नी दाराकडे पाहत राहिली होती. "अहो, तो टोमणा नव्हता. टोमणा मारणारा माणूस डोळे टिपतो का?"

तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि झालं ते आडपडदा न ठेवता सांगितलं.

"बाबांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, काकू," मुलगी म्हणाली. "कुणाला सांगत नाहीत ते. आई होती तोवर कळलंही नाही कुणाला. शर्ट तीच काढून ठेवायची, बाजारात रंग तीच सांगायची. तुम्हाला समजलंय असं त्यांना दाखवू नका, प्लीज." मग एक सुस्कारा आला. "नाहीच मिळाला तर लाल लावा. दातांच्या दवाखान्यावर लाल म्हणजे पेशंट दारातूनच पळतील, पण असू दे. बाबांना मी काही बोलणार नाही."

फोन संपला. गिऱ्हाइकाने स्वतःच मोकळीक दिली होती. माल हाताशी होता, मशीन सुरू होतं.

"लावायचा?" पत्नीने विचारलं.

नाना रोलकडे बघत बसले. "ज्याला दिसतं त्याला फसवलं तर तो निदान भांडेल तरी," ते म्हणाले. "या माणसाला कसं फसवायचं?" आणि त्यांनी स्कूटरची किल्ली उचलली.

रोलशेठ घरी टीव्हीसमोर पेंगत होते. नानांची कहाणी ऐकता ऐकताच त्यांनी पायांनी चपला चाचपायला सुरुवात केली. "माझ्या गोदामात हिरवा नाही? चल, बघू दे मला."

गोदामावर आता नवं कुलूप, नवा रंग आणि छताला कॅमेरा होता. टेबलामागची बाई मात्र जुनीच, शेठांच्या हाताखाली काम केलेली. "शेठ, तुम्ही!" म्हणत ती उठून उभी राहिली. मग कॅमेऱ्याची आठवण होऊन पुन्हा बसली.

शेठांनी दारातूनच बोट दाखवलं. "तो काय, पंख्याखालच्या फळीवर. गडद हिरवा."

"हो शेठ, आहे. पण सिस्टीममध्ये नाही. जुन्या कोडातला आहे तो."

"अगं, डोळ्यांसमोर दिसतोय!"

"दिसतोय, पण नाहीये. नसलेल्या मालाचं बिल कसं फाडू मी?"

"मग त्याचं करणार काय?"

"जुन्या कोडाचं जे जे सापडेल ते महिनाअखेरीला भंगारात टाकायचं, असं वरून आलंय."

शेठ गंभीर झाले. जन्मभर धंदा केलेला माणूस. घासाघीस कुठे करायची ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. "मग एक रोल जरा आधी टाक," ते म्हणाले.

बाईने शिडी लावली, रोल खाली काढला, त्यावरची धूळ पदराने पुसली आणि झोपलेलं मूल न्यावं तसा छातीशी धरून तो बाहेर भंगाराच्या पिंपाजवळ नेऊन ठेवला. "कचरा पडलाय बघा दारात," ती कॅमेऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "उचलून नेलात तर उपकार होतील."

नाना पुढे झाले, पण शेठांनी त्यांना हातानेच थांबवलं. दुखऱ्या गुडघ्यांवर जोर देत त्यांनी रोल खांद्यावर घेतला आणि उन्हात एक कोपरा उलगडून रंग पाहिला. "चल," ते म्हणाले. रस्ताभर त्यांनी तो खाली ठेवला नाही.

रविवारी दवाखान्यावर बोर्ड लागला. पांढऱ्यावर गडद हिरवी अक्षरं, कडा अगदी सुरेख. वडील समोरच्या फुटपाथवर उभे होते. येणाऱ्या प्रत्येकाला ते सहज विचारल्यासारखं विचारत, "कसा काय वाटतो रंग?" कुणी म्हणे, "छान हिरवा आहे." कुणी म्हणे, "डोळ्यांना थंड वाटतं हो." दर वेळी ते मान हलवत आणि पुन्हा वर पाहत, जणू कुणाच्या तरी तोंडून त्यांना तो रंग थोडा थोडा दिसत होता.

मग त्यांनी नानांना बाजूला घेतलं. "नाना, खरं सांगा. परवा दुकानात मी पाहिला, तो रोल हाच का?"

दारातली डॉक्टरीणबाई जागच्या जागी थबकली. नानांची पत्नी स्वतःच्या चपलांकडे पाहू लागली. लाल म्हणजे हिरवा नव्हे, एवढी एकच गोष्ट नाना आठवडाभर घसा फोडून एका अख्ख्या कंपनीला पटवत होते.

"तो दुसरा होता," नाना म्हणाले. "म्हणजे, तोही हिरवाच. पण हा अधिक चांगला हिरवा."

"तरीच!" वडिलांचा चेहरा उजळला. "मला बघताक्षणी फरक कळला."

आणि शर्टाची कॉलर नीट करून, ताठ मानेने, ते मुलीच्या दवाखान्याची पायरी चढले.