शंभर टक्क्यांची तांबडी खूण

कुंडलिक गुरुजींनी आदल्या दिवशीच सोनाली बाईंना सांगून टाकलं होतं, की तपासणीला घाबरतो तो मास्तर नव्हे. आजवर शाळेत आलेला एकूणएक साहेब त्यांनी बिनसाखरेचा चहा पाजून, वर शेंगाचटणीचा पुडा बांधून देऊन हसतमुखानं परत पाठवला होता. "बाई, साहेब काय बघायला येतो? आपण दाखवू ते. तुम्ही उद्या फक्त फळ्यावर तारीख लिहा, बाकी माझ्यावर सोडा."

बाकी काय होतं ते बाईंना माहीत होतं.

शाळा वस्तीवरची. दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते चौथी. तालुक्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तो तालुका रागावेल, आणि शेजारचे तालुके म्हणतील, आमच्याकडं काय वेगळं चाललंय, आमचं का गाळलं? वस्ती मेंढपाळांची. पाऊस सरला की निम्मी बिऱ्हाडं मेंढरांमागं बाहेर पडतात. पोरंही जातात. परत येतात तेव्हा रानातल्या वाटा पाठ झालेल्या असतात आणि बाराखडी पुसलेली असते. सत्तावीस पोरांपैकी अकरा वाचत होती. बाकीची पुस्तक सरळ धरत होती. तेवढं गुरुजींनी कष्टानं शिकवलं होतं.

पण मोबाइलवर माहिती भरताना गुरुजींनी सत्तावीसपैकी सत्तावीस वाचतात असं भरलं. शंभर टक्के प्रगत. सोनाली बाई कुर्डुवाडीच्या, नोकरीत नव्या, तोंडानं फटकळ. त्या म्हणाल्या होत्या, "सर, खरा आकडा भरा. यंदा ज्या शाळेत पोरं वाचत नाहीत, तिथं वाचन शिकवायला जादा शिक्षक मिळणार आहे. आपल्याला मिळेल."

"जादा शिक्षक येतो बाई, पण त्याच्या आधी नोटीस येते."

"आणि पोरं?"

"पोरं कुठं पळून चाललीत? वाचतील की सावकाश."

सरकारी कामात खोटं बोलल्याचा एक तोटा असतो. कुणीतरी ते खरं मानतं. जिल्ह्याला शंभर टक्के फार आवडले. शाळेचं नाव आदर्श शाळांच्या यादीत गेलं, आणि पोरं वाचतानाचा व्हिडिओ काढून वर पाठवावा, असं तालुक्याला कळवण्यात आलं. आता व्हिडिओत पोरं अडखळली तर गुरुजींचा आकडा खोटा, चौकशी, आणि बावीस वर्षांची अब्रू पोषण आहाराच्या खिचडीत.

तपासणीला यायचे होते विस्तार अधिकारी चनबसप्पा साहेब. अक्कलकोटकडचे. कपाळाला विभूती, काखेत बॅग. माणूस वाईट नव्हता, फक्त कायम घाईत होता. सकाळीच त्यांचा फोन आला. आज अजून तीन शाळा उरकायच्या आहेत, तेव्हा वाचणारी पोरं हुडकत बसायला मला वेळ नाही, त्यांना काहीतरी खूण करून ठेवा, मी बरोबर तीच उठवतो, असं त्यांनी सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचाच आकडा मी पुढं पाठवलाय, गुरुजी. तुम्ही बुडाला तर मीही भिजतो."

तपासणाराच असं म्हणाल्यावर गुरुजींच्या अंगात बळ आलं. खुणेला सगळ्यात सोयीचं काय, तर भंडारा. या वस्तीवर भंडाऱ्याचं कुणालाच काही वाटत नाही. इथं नव्या मोटारसायकललाही लावतात, नव्या जावयालाही. गुरुजींनी परिपाठ संपल्या संपल्या अकरा वाचणाऱ्यांच्या कपाळी पिवळी बोटं ओढली, साहेबांना फोन करून "पिवळं कपाळ" एवढं कळवलं, आणि जीप ओढ्यापलीकडं थांबते म्हणून साहेबांना घ्यायला निघाले.

अर्ध्या वाटेत आठवलं, पुष्पगुच्छ शाळेतच राहिला. परत आले. वर्गात बघतात तर सत्तावीसच्या सत्तावीस कपाळं पिवळी. जणू शाळा नव्हे, लग्नाची हळद.

मधे बजाबाई बसली होती. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष येडू, त्याची ही आई. नातीला डबा द्यायला आली होती. येऊन बघते तर काही पोरांना भंडारा आणि काहींची कपाळं कोरी. तिची नात ऋतुजा, येडूची पोरगी, चौथीतली, तीही कोरी. म्हातारीचं डोकं फिरलं. देवाचा भंडारा वाटताना कुणाला वगळायचं नसतं, हे वस्तीवरच्या शेळीलाही ठाऊक. तिनं कमरेची पिशवी सोडली आणि सगळ्यांना मळवट भरून टाकला.

गुरुजींनी खिशातला रुमाल काढला आणि पहिल्या रांगेतल्या पोराचं कपाळ धरलं.

"आरं ए मास्तरा," बजाबाई बसल्या जागेवरनं म्हणाली, "काय करतुयास?"

"पुसतोय, आजी. जरा चूक झाली."

"देवाचा भंडारा पुसतुयास? पूस की. पूस. पर मग तुज्या घरात काय इपरीत झालं तर माज्याकडं यायाचं न्हाय."

रुमाल खिशात परत गेला. गुरुजी मोहोळचे, शिकलेले, विज्ञान शिकवणारे. पण विज्ञान चौथीपर्यंतचंच होतं.

तेवढ्यात फोन वाजला. साहेबांची जीप ओढ्याला लागली होती. आणि दारात येडू उभा होता. थेट वाड्यावरनं, म्हणजे मेंढरं कोंडतात त्या कुंपणातनं आलेला. हातात तांबड्या रंगाची डबी. कळपात खूण करायला हा रंग तेलात कालवून ठेवतात. मेंढरू पावसात उभं राहिलं तरी तो जात नाही. गुरुजींना देव भेटल्यासारखं झालं.

"येडू, तुला खूण करता येते ना?"

"जल्मभर दुसरं काय केलं मी?"

"मग ऐक. वाचणारी पोरं आणि न वाचणारी पोरं वेगळी ओळखू आली पाहिजेत. कोण कसं आहे ते बाई दाखवतील. सदऱ्याच्या पाठीवर खूण कर. तुमच्या मेंढरांना करता तशीच. साहेब आलेच."

इतकं सांगून गुरुजी पुष्पगुच्छ घेऊन पळाले. कुणाच्या पाठीवर, हे सांगायचं राहिलं. गुरुजींच्या मते ते सांगायची गरजच नव्हती. शाळेत खूण हुशाराला करतात. बिल्ला हुशाराला, पहिला बाक हुशाराला, फोटोत पुढची ओळ हुशाराला. जन्म यातच गेल्यावर माणसाला दुसरं सुचणार कसं?

येडूचा जन्म मेंढरांत गेला होता.

वाटेत गुरुजींनी साहेबांच्या कानात सांगितलं, की खूण बदललीय, पाठीवर तांबडी. साहेबांनी मान हलवली. शाळेच्या दारात बजाबाईनं त्यांच्याही विभूतीवर भंडारा ओढला. साहेबांनी मुकाट्यानं तो लावून घेतला, कारण म्हातारी विचारून लावत नव्हती.

जीपच्या ड्रायव्हरनं साहेबांचाच मोबाइल धरून चित्रण सुरू केलं. त्याला साहेबांनी वाटेतच बजावलं होतं, की झालं रे झालं की व्हिडिओ तिथूनच जिल्ह्याच्या ग्रुपवर टाकायचा, पुढच्या शाळेची घाई आहे. साहेब पोरांपुढं उभे राहिले, गुणवत्ता, प्रगती आणि महाराष्ट्र यांवर थोडं बोलले, आणि म्हणाले, "आता सगळ्यांनी तिकडं तोंड करा बघू."

पोरं वळली. पांढऱ्या सदऱ्यांवर तांबडे फराटे दिसले. गुरुजी खूश झाले. मग त्यांना दिसलं, की अजिनाथची पाठ कोरी आहे. अजिनाथ म्हणजे वर्गातला पहिला, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंही वाचणारा. त्याच्या शेजारची पाठही कोरी. आणि तांबड्या पाठी मोजायला जावं तर त्या अकरापेक्षा भलत्याच जास्त होत्या. गुरुजींच्या पायाखालची फरशी सरकली.

ते साहेबांच्या मागं जाऊन खाकरले. साहेबांनी लक्ष दिलं नाही. त्यांनी बाही ओढली. साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "गुरुजी, लुडबुड करू नका. व्हिडिओत येताय."

पहिला उठवला सिदू. पुस्तकात पान पाण्यावरच्या धड्याचं उघडलेलं. सिदूनं ते छातीशी धरलं आणि दुसरीतली एक कविता चालीसकट, हातवारे करून म्हटली. पुस्तकाकडं एकदाही बघितलं नाही. दुसरी पोरगी चित्राला बोट लावून म्हणाली, "हितं एक बाई हाय. तिच्या डोक्यावर घागर हाय. घागर गळती."

"वाच, बाळा."

"वाचलं की."

तिसरा ताठ उभा राहिला आणि त्यानं प्रतिज्ञा म्हटली. साहेबांच्या कपाळावर आता विभूती, भंडारा आणि घाम यांचा चिखल झाला होता. चौथी होती ऋतुजा. तिनं पुस्तक घेतलं, बघितलं, आणि मिटून साहेबांच्या हातात परत दिलं.

"मला येत न्हाय."

"काय येत नाही?"

"वाचाया."

"चार वर्षं झाली तुला शाळेत. कधी सांगितलं नाहीस?"

"कुणी इचारलंच न्हाय."

बाहेर मेंढरं तेवढी ओरडत होती. साहेबांनी वळून विचारलं, "या खुणा कुणी केल्या?"

"मी केल्या की," येडू दारातनं म्हणाला. "मास्तर म्हणले, मेंढरांना करतो तशी कर."

"अरे पण वाचणाऱ्यांना करायची होती!" गुरुजी ओरडले.

येडूला ते खरंच कळेना. "धडधाकट मेंढराला कोण खूण करतं, मास्तर? जे लंगडतंय, खात न्हाय, मागं ऱ्हातंय, त्येला करायची. म्हंजे दिवसभर त्येच्यावर ध्यान ऱ्हातं. धडधाकटाचं काय, ते आपलं आपण चरतंय."

येडू पुढं बोलला, पण आता हळू, आणि फक्त गुरुजींकडं बघून. "ऋतीच्या पाठीवर मीच केली. बाईंनी तिच्याकडं बोट केलं तवा कळलं मला. तिच्या प्रगतिपुस्तकात तर तुमी लई भारी लिवलं हुतं. मी समद्या वस्तीला दावलं त्ये." मग स्वतःशीच म्हणाला, "मीबी तिला सहा सहा म्हयनं मेंढरामागं न्हेली. पर ती शिकतीया म्हणूनच न्हेली की."

गुरुजी फळ्यावरची तारीख वाचत राहिले. तेवढंच वाचण्यासारखं होतं.

सगळ्यांत आधी साहेब भानावर आले. ड्रायव्हरला म्हणाले, हे सगळं पुसून टाक, आपण कोऱ्या पाठीची पोरं घेऊन परत काढू.

"सायेब," ड्रायव्हर म्हणाला, "म्या टाकला की ग्रुपवर. झाल्या झाल्या टाक म्हणला हुता."

साहेब खाली बसले. खुर्ची नव्हती, तरी बसले. गुरुजींनी भिंत धरली. त्या ग्रुपवर जिल्ह्याचे सगळे साहेब होते. एक पोरगी स्पष्ट मराठीत सांगत होती, की मला वाचता येत नाही, आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसानं शंभर टक्क्यांवर सही केली होती.

मोबाइल वाजला. साहेबांनी एका डोळ्यानं बघितलं. अंगठा आला होता. मग दुसरा. मग टाळ्या. "अभिनंदन." "प्रेरणादायी." "इतर शाळांनी आदर्श घ्यावा." वस्तीवर रेंज एवढी बेताची, की ड्रायव्हरनं आधी टाकलेली शाळेच्या नावाची ओळ तेवढी गेली होती, व्हिडिओ अजून निम्माही चढला नव्हता. वर अभिनंदन मात्र पोचलं होतं.

साहेबांनी ड्रायव्हरला व्हिडिओ चढायचा थांबवायला लावला आणि तोंड पुसलं. "कुणी बघत नाही, गुरुजी," ते म्हणाले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी इतकं खरं वाक्य उच्चारलं नसावं. शेंगाचटणीचा पुडा घेऊन ते पुढच्या शाळेला गेले.

शाळा आदर्श ठरली. जादा शिक्षक ओढ्यापलीकडच्या शाळेला मिळाला, कारण तिथल्या मास्तरानं खरा आकडा भरला होता. तेवढ्यावर भागलं असतं. पण त्या शाळेला हात द्यायला शंभर टक्क्यांच्या शाळेतला शिक्षक पाठवावा, असं वर कुणाच्या तरी डोक्यात आलं. सोनाली बाईंचा आदेश आठवड्यात निघाला. दुपारी खिचडीनंतर त्या न वाचणाऱ्या सोळा पोरांना घेऊन बसायच्या, ते बंद झालं. जाताना त्या गुरुजींना एवढंच म्हणाल्या, "सर, वाचतील म्हणाला होतात सावकाश. आता फारच सावकाश होईल."

चार वर्ग आणि एक मास्तर. गुरुजी एका खोलीत पाढे सांगून दुसऱ्या खोलीत पळायचे, तोवर पहिली खोली आंब्यावर चढलेली असायची. ऋतुजा अजून वाचत नाही.

गौरव समारंभ तालुक्याला झाला. गुरुजींनी नवा पांढरा सदरा घातला. समितीचा अध्यक्ष म्हणून येडूलाही बोलावणं होतं. सभागृहाच्या दारात त्यानं आधी साहेबांची गळाभेट घेतली, मग गुरुजींची. दोघांच्याही पाठीवरनं मायेनं हात फिरवला. गुरुजींना बरं वाटलं. म्हणजे येडूच्या मनात काही राहिलं नाही.

फेटा बांधला, ढाल मिळाली. टाळ्या वाजल्या. मान्यवरांना नमस्कार करायला गुरुजी वळले, आणि सभागृहात हशा पिकला. मागच्या रांगेत वस्तीची माणसं बसली होती, ती तेवढी हसली नाहीत. त्यांना खुणेचा अर्थ माहीत होता.

तो रंग काही जात नाही. गुरुजींनी सोडा लावला, रॉकेल लावलं, शेवटी सदरा घरात घालायला ठेवला.

तशीच खूण चनबसप्पा साहेबांच्याही पाठीवर होती. पण ते खुर्चीला टेकून बसले होते, त्यामुळं ती कुणाला दिसली नाही.