चार गावांचे निवडक अकरा

कळव्याच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर मी, गोपीनाथ! नाव लक्षात ठेवा. तीन परक्या गावांच्या कप्तानांनी एकमुखाने उचललेला दुसरा गडी तुम्हाला सापडायचा नाही!

त्याचं असं झालं. ठाणं, कळवा, डोंबिवली आणि कल्याण यांचे सामने संपले, तेव्हा ठाण्याच्या पाद्रीबाबांनी टूम काढली. चारी टीमांतले उत्तम अकरा निवडायचे! निवड कप्तानांनी करायची, पण आपल्या गावच्या गड्याचं नाव घ्यायचं नाही. पक्षपात नको!

माझी निवड झाल्याचं कळलं आणि गावाने मला डोक्यावर घेतलं. फेटा काय, ओवाळणं काय! बायजानं, म्हणजे माझ्या आईनं, देवीपुढे नारळ फोडला. मग पाद्रीबाबांनी पुढचं सांगितलं. या अकरांचा मान म्हणून कल्याणच्या गोऱ्या इंजिन-ड्रायव्हरांशी सामना!

मी फेटा उतरवून ठेवला. आम्ही अनवाणी, आणि त्यांच्या पायांत खिळे ठोकलेले बूट! गेल्या साली त्यांच्याशी खेळलेला आमच्या गावचा पोपट अजून कुबडी घेऊन फिरत होता. मला पाय दोनच, आणि मिठागरात मजुरीला उभं राहायला दोन्ही लागतात!

तडक ठाण्याचा कप्तान डॉमनिक याचं घर गाठलं.

"अरे डॉमनिक, माझं नाव का दिलंस? बॉल आला की मी डोळे मिटतो!"

"म्हणून तर दिलं!"

"म्हणजे?"

"तुमची चांगली पोरं निवडली, तर आमची अकरांत बसणार कशी? मी आपले शोधून शोधून दगड निवडले." त्याने कपाळावर हात मारला. "पण बाकीच्या तिघांनीपण तेच केलं रे!"

घ्या! अकराच्या अकरा दगड! डोंबिवलीचा गणू तर बॉल अंगावर आला की झाडावर चढायचा.

सामन्याच्या सकाळी मी अंथरुणात कण्हू लागलो. "आये, पोटान दुखतंय गो!"

"दुखतंय त ओवा खा! सगला गाव दारान उभा हाय!" आईनं मला ओढूनच बैलगाडीत घातलं. पुढे ढोल, मागे गाव! कल्याण येईपर्यंत मी माझ्या नडग्या कुरवाळत होतो.

बुटांना भिऊन ढोलवाले आणि गाव मैदानाबाहेर, कुंपणाआड वडाखालीच थांबले. मी एकटा आत गेलो. समोर अकरा गोरे, बैलासारखे! आणि आमच्या बाजूला? कुणीच नाही! पाद्रीबाबांकडे निरोपांवर निरोप येत होते. गणूला हगवण, एकाला ताप, एकाचा मामा वारला! बाकी दहाजणांच्या आया माझ्या आईपेक्षा मायाळू निघाल्या.

पाद्रीबाबांनी हताश होऊन सामना रद्द केला. वाचलो! दोन्ही पाय शाबूत! मला रडूच यायला लागलं.

एवढ्यात गोऱ्यांचा धिप्पाड कप्तान खूश होऊन ओरडला, "टुम अकेला आया? शाबास!" हात मिळवायला तो तरातरा पुढे आला, आणि त्याचा खिळ्यांचा बूट भस्सकन माझ्या अनवाणी पायावर पडला!

मी जी बोंब ठोकली, ती वडाखाली नीट ऐकू गेली. गाव धावत आत आला, तर समोर अकरा गोरे आणि मी एकटा, रक्ताळलेला पाय धरून! मला खांद्यावर घेऊन गाव नाचत निघाला. "एकटा अकरा गोऱ्यांना भिडला रं!" घरी आईनं अंगठ्यात हळद भरली आणि माझी दृष्ट काढली.

अजूनही लोक त्या सामन्याबद्दल विचारतात. मी नुसता चार पावलं लंगडून दाखवतो!